अंडी घातली, म्हणजे ते पिल्लू नव्हे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मागाहून येणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. मालवणच्या बाजूला सकाळच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तुम्ही मुलीबरोबर फिरत होतात. कातळांच्या मधल्या चिखलमिश्रित वाळूत एक बुळबुळीत गोळी सरपटताना दिसली. धुतल्यावर आत पावट्याएवढं, अंड्याच्या टरफलासारखं पातळ, काळपट ठिपक्यांचं कवच दिसलं, पण निम्मं अंग बाहेरच. मुलीने ती पाण्याच्या बाटलीत ठेवली. संध्याकाळपर्यंत बाटलीच्या काचेला पिवळसर जेलीची फीत चिकटली आणि सकाळी प्राणी मेलेला. साफ करताना कवच चुरडलं, आणि उरलेले तुकडे पांढरे निघाले. तुमची विचारणा अशी: हे कुठल्या शंखाचं पिल्लू होतं का, ज्याचं कवच अजून भरलं नव्हतं? नाव काय? घरच्या टाकीत जगेल का? हाताला खाज सुटली ती याच्यामुळे का? पुढच्या वेळी कवच टिकवायचं कसं? आणि असं काही उचलून आणणं कायद्यात बसतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच बाटलीत होतं. ती जेलीची फीत म्हणजे अंडी. अंडी घालणारा प्राणी पिल्लू नसतो. कवच अपुरं नव्हतं, आजारीही नव्हतं. पूर्ण वाढ झालेल्या या गोगलगायीचं कवच एवढंच असतं. आमच्या कॉलेजात मुलं यांना ‘बुडबुडा’ म्हणतात, इंग्रजीतही बबल स्नेलच. नर-मादी वेगळे नसल्यामुळे ‘तो’ म्हणा, ‘ती’ म्हणा, दोन्ही चालतं. मी गोगलगाय म्हणून ‘ती’च म्हणणार.

तुमचा खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे असं मला वाटतं. आपण शंख म्हटलं की कवचाकडे बघतो. कवच जाड, रंगीत, पिळदार असेल तर तो शंख ‘चांगला’. या मंडळींच्या बाबतीत तो चष्मा काढून ठेवावा लागतो. यांची ओळख अंगात असते, कवचात फारशी नसते. बावीस वर्षं विद्यार्थ्यांना किनाऱ्यावर नेतोय, आणि दरवर्षी कोणीतरी मुठीत रिकामं पांढरं कवच घेऊन येतं: “सर, नाव सांगा.” मी विचारतो, अंग कसं होतं? तिथे गाडी थांबते.

रंगाचंच घ्या. जिवंतपणी ठिपकेदार दिसलेलं कवच मेल्यावर पांढरं कसं झालं? झालं नाही, ते आधीपासूनच बिनरंगी होतं. कवच इतकं पारदर्शक असतं की आतल्या अंगावरचे ठिपके त्यातून दिसतात. दुधी काचेच्या वाटीत भिजवलेले काळे वाटाणे ठेवले तर वाटीच काळपट दिसेल, तसंच. तुम्ही जे बघितलं ते अंग होतं.

आता नाव. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे आणि तुमच्याकडे फोटो एकच, तोही बाटलीतून काढलेला. कुळापर्यंत मी खात्रीने जाईन: हॅमिनिइडी. का, ते सांगतो, कारण पुढच्या वेळी हे तुम्हालाही करता येईल.

किनाऱ्यावर बुडबुड्यासारखं कवच दिसलं की माझ्या डोक्यात तीन घरं असतात. पहिलं बुल्ला. हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंत सापडणारी बुल्ला अँपुला ही त्यातली मोठी, सहा सेंटिमीटरपर्यंत जाते. कवच त्यामानाने दणकट, तपकिरी-करडे पट्टे आणि डाग खुद्द कवचावरच असतात, आणि घाबरली की अख्खी आत जाते. टोकाकडून बघितलं तर वेटोळ्यांच्या जागी एक खोल भोक दिसतं. दिवसा ती वाळूखाली असते, रात्री बाहेर पडते. तुमची गोळी सकाळी सरपटत होती, अंग आत घेऊ शकत नव्हती आणि कवचाला रंग नव्हता. म्हणजे बुल्ला बाद.

दुसरं घर हायडाटिना आणि तिची भावंडं. यांचं कवचही पातळ, पण त्यावर बारीक तपकिरी रेघा, आणि अंग असं की एकदा बघितलं की विसरणार नाही: गुलाबी किंवा पांढऱ्या झालरी, नवरीच्या घागऱ्यासारख्या पसरलेल्या. या वाळूतले केसाळ जंत खातात. झालर दिसली असती तर तुम्ही प्रश्नाची सुरुवातच तिथून केली असतीत. तेही बाद.

राहिलं तिसरं, हॅमिनिइडी. कवच पातळ आणि पारदर्शक. शेवटचं वेटोळं इतकं फुगलेलं की बाकीची सगळी त्याच्या पोटात गेलेली, त्यामुळे टोक म्हणून काही दिसतच नाही. कवचाचं तोंड अख्ख्या कवचाच्या लांबीइतकं लांब, पुढे रुंद होत गेलेलं. दोन्ही बाजूंनी मांसाच्या पाळ्या कवचावर शालीसारख्या ओढलेल्या. डोक्यावर शिंगं नाहीत. त्याऐवजी एक चपटी ढाल, मागच्या बाजूला बहुधा दोन पाळ्यांत विभागलेली, आणि तिच्या कातडीतून दिसणारे दोन काळे ठिपके म्हणजे डोळे. तुमच्या फोटोत ढालीची मागची कड अंधुक का होईना दिसते. एवढं मला पुरेसं आहे.

जातीपर्यंत मात्र मी जाणार नाही, आणि जो या फोटोवरून जाईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या भारतीय यादीत, म्युझियमच्या चिठ्ठ्यांवर, माझ्या स्वतःच्या बाटल्यांवरही अशा सगळ्यांना सरसकट ‘हॅमिनिया’ लिहिलेलं सापडेल. २०१९ साली या कुळाची डीएनएवरून फेरमांडणी झाली आणि हॅमिनिया हे नाव अटलांटिक आणि पूर्व पॅसिफिकमधल्या जातींपुरतं उरलं. आपल्याकडच्या समुद्रातल्या बऱ्याच जाती ‘हॅलोआ’ या पुन्हा जिवंत केलेल्या नावाखाली गेल्या, भडक ठिपक्यांच्या काही ‘लँप्रोहॅमिनिया’त. त्या उन्हाळ्यात चाळीसेक चिठ्ठ्या मी खोडून पेन्सिलीने पुन्हा लिहिल्या. पेन्सिलीने अशासाठी की हे शेवटचं आहे असं मला वाटत नाही.

नावांचा हा घोळ जुना आहे. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत बसवणाऱ्या लिनियसने १७५८ साली ‘बुल्ला’ नावाचं एक पोतं उघडलं आणि जे जे फुगलेलं दिसलं ते त्यात कोंबलं. लॅटिनमध्ये बुल्ला म्हणजे बुडबुडा. रोमन मुलांच्या गळ्यात बांधायच्या ताईतालाही तेच नाव होतं. त्या पोत्यात आजची बुल्ला होती, हायडाटिना होती, हॅमिनिइडीतली पांढरीशुभ्र एटिस होती; आणि अंड्यासारखी पांढरी ओव्हुला, अंजिराच्या आकाराचा फिकस, इतकंच काय, गोड्या पाण्यातली फायसाही होती. ही शेवटची दोघं-तिघं यांची जवळची नातलगही नाहीत. फक्त कवच बघून गट केला की असं होतं. पुण्या-मुंबईत माशांच्या टाकीत आपोआप वाढणाऱ्या ज्या बारक्या ‘ब्लॅडर स्नेल’ असतात त्या त्या फायसाच्याच घरातल्या. त्यांचं कवच डावीकडे वळतं आणि टोक स्पष्ट दिसतं, त्यामुळे तुमच्या समुद्रातल्या पाहुणीशी गल्लत व्हायचं कारण नाही.

मेलेल्या प्राण्यातूनही एक खूण मिळते, ती सहसा कोणी शोधत नाही. यांच्या पोटात, अन्ननलिकेच्या वाटेवर, एक जातं असतं. मऊ अंग हलक्या हाताने चिरलं की तीन तपकिरी चकत्या निघतात, नखाच्या कपच्यांएवढ्या, एका बाजूला आडव्या धारांच्या रांगा असलेल्या. त्या कॅल्शियमच्या नाहीत, काइटिनच्या आहेत, झुरळाच्या पंखासारख्या चिवट. स्नायूंच्या पिशवीत या तीन चकत्या एकमेकींवर घासतात आणि शेवाळ, डायॅटम म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळं, चिखलावरची हिरवट साय यांचं पीठ होतं. पहिल्यांदा मी त्या भिंगाखाली बघितल्या तेव्हा वाळूचे खडे समजून फेकून देणार होतो. त्या धारांची संख्या आणि ठेवण यावरून तज्ज्ञ लोक प्रजाती वेगळ्या करतात. तुमच्याकडे ते अंग अजून असेल तर फेकू नका.

मग कवच इतकं पातळ का? या गोगलगायींचं जगणं वाळू-चिखलाच्या वरच्या थरात आहे. ती डोक्याची ढाल नांगराच्या फाळासारखी आत घुसते, अंगावरच्या चिकट स्रावामुळे वाळू आत शिरत नाही, आणि गुळगुळीत, बिनटोकाचं कवच मागे कुठे अडकत नाही. जाड पिळदार शंख घेऊन असं घुसून बघा. कवच बनवायला चुना लागतो, ताकद लागते. ती वाचवून इथे संरक्षणाचं काम बऱ्याच अंशी रसायनांवर सोपवलेलं आहे. भूमध्य समुद्रातली हॅमिनिया नॅव्हिक्युला त्रास झाला की असा पदार्थ स्रावात सोडते की मागून येणारे तिचेच भाऊबंद वाट बदलतात. दुसरीकडे कॅलिफोर्नियात नॅव्हानॅक्स नावाची शिकारी गोगलगाय नेमका तोच चिकट माग हुंगत जाऊन हॅमिनिया आणि बुल्ला अख्ख्या गिळते. म्हणजे शत्रूला तो माग जेवणाचा पत्ता सांगतो.

आणि कवच कमी होण्याची ही गोष्ट याच कुळात पुढे गेलेली दिसते. फॅनेरोफ्थाल्मस म्हणून एक हिरवी, लांबट भावंड आहे, तिच्या कवचाची फक्त चपटी कपची उरलीय. बघणारा तिला बिनकवचाचीच म्हणेल. यावरून कोणी सरळ शिडी काढू नये, आधी जाड, मग पातळ, मग शून्य अशी. समुद्री गोगलगायींमध्ये कवच वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे गेलेलं आहे.

इथे थोडं विषयांतर. बुल्लाच्या डोळ्यावर जे काम झालं ते वर्गात सांगितलं की शेवटच्या बाकावरची मुलंही वर बघतात. कॅलिफोर्नियातल्या बुल्ला गूल्डियानाचा डोळा काढून अंधारात, खाऱ्या पाण्याच्या बशीत ठेवला, तरी त्याच्या चेतातंतूतले विजेचे ठोके सकाळ झाली की वाढतात आणि रात्री मंदावतात, कित्येक दिवस. डोळ्याच्या तळाशी शंभर-सव्वाशे मोठ्या पेशी आहेत, घड्याळ त्यांच्यात. १९९३ साली जीन ब्लॉक या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाच्या गटाने त्यातली एकेक पेशी सुटी करून दाखवून दिलं की एकटी पेशीसुद्धा दिवस-रात्रीचा हिशेब ठेवते. ज्या प्राण्याचे डोळे तुम्हाला फक्त कातडीखालचे दोन ठिपके वाटतात, त्यांच्यातली ही गोष्ट.

आता खाज. या गोगलगायीला डंख नाही, काटा नाही. तुमच्या हाताची खाज नक्की कशाची हे फोटोवरून सांगता येणार नाही. सुकतीच्या खळग्यात हात घातला की जेलीफिशचे तुटलेले धागे, कातळावरची हायड्रॉइडची (हे जेलीफिशचे नातलग प्राणी) तुरेदार झुडपं, अगदी शिंपल्याच्या धारेने पडलेले बारीक ओरखडेसुद्धा खाज आणतात. तुमच्या पोस्टखाली एकाने ‘हॅमिनियामुळे त्वचारोग होतो’ असं लिहिलंय, ते अर्धवट खरं आहे आणि आपल्याकडचं नाही. जपानकडची एक जात, आता हॅलोआ जॅपोनिका, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत पोचली. १९९९ मध्ये ती तिथे पहिल्यांदा दिसली. २००५ साली तिथल्या अलामेडाच्या एका पुळणीवर पोहणाऱ्यांच्या अंगावर पुरळ उठलं. ती गोगलगाय पक्ष्यांच्या रक्तात राहणाऱ्या एका कृमीच्या अळ्या पोसत होती. त्या अळ्या बदक-पाणपक्ष्यांच्या शोधात निघतात, चुकून माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात. खाज त्या मेलेल्या अळ्यांची. म्हणजे गोगलगायीला हात लावण्याचा प्रश्न नव्हता, तिच्या आसपासच्या पाण्याचा होता. खाज चार दिवसांत गेली नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मी तो डॉक्टर नव्हे.

मुलीला मात्र एक गोष्ट आजच सांगून ठेवा. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, जड शंख जिवंत असेल तर हातात घ्यायचा नाही. कोनस. त्याला खरंच विषारी बाण असतो.

टाकीत जगेल का? घरी खाऱ्या पाण्याची स्थिरावलेली टाकी असेल, काचेवर आणि वाळूवर शेवाळाची साय धरत असेल, तर काही काळ जगेल. प्रवाळवाल्यांच्या टाकीत ‘जिवंत दगडा’वरून, म्हणजे समुद्रातून जीवजंतूंसकट आणलेल्या खडकावरून, अशा गोगलगायी न बोलावता येतात, महिन्या-दोन महिन्यांत डझनांनी होतात आणि साय संपली की तितक्याच झपाट्याने मरतात. मग पाणी नासतं. शिवाय यांचं आयुष्यच मुळात लहान, साधारण वर्षाभराचं. बाटली हा तर प्रश्नच नाही. एक लिटर पाणी उन्हातल्या गाडीत तासाभरात तापतं, त्यातला प्राणवायू संपतो, वर तिचा स्वतःचा स्राव. तुमच्या मुलीने काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही. माझ्या पहिल्या सहलीत मी डालडाच्या डब्यात नऊ आणल्या होत्या, नऊच्या नऊ एस्टी स्टँडवर पोचायच्या आत मेल्या.

अंड्यांची फीत अजून असेल आणि पारदर्शक असेल, गढूळ झाली नसेल, तर ओहोटीच्या खळग्यात नेऊन सोडा. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर त्याआधी मुलीला पाच मिनिटं दाखवा. प्रत्येक कुपीत एकेक बिंदू गरगर फिरत असतो. काही दिवसांनी बघितलं तर त्याला दोन केसाळ पंखे आणि चक्क एक वळलेलं कवच असतं, वर झाकणसुद्धा. ज्या अंगाने पुढे झाकण टाकून दिलं, कवच पातळ केलं, ते लहानपणी मात्र चांगलं बंदिस्त घर घेऊन पोहत असतं.

राहिलं कवच टिकवणं. यात मी माझं चांगलंच नुकसान करून घेतलंय, म्हणून जरा सविस्तर. सुरुवातीच्या वर्षांत मी सगळं फॉर्मॅलिनमध्ये टाकायचो, प्रयोगशाळेत तेच मिळायचं. वर्षाने बाटल्या काढल्या तर आत अंग शाबूत आणि कवच गायब. फॉर्मॅलिन ठेवल्या-ठेवल्या आंबट होत जातं आणि इतका पातळ चुना ते सावकाश विरघळवून टाकतं. जाड शंखाला तेवढ्या काळात फारसं जाणवत नाही, याला पुरून उरतं. तेव्हापासून सत्तर टक्के अल्कोहोल. रिकामं कवच असेल तर गोड्या पाण्यात दोनदा बुडवून काढा, घासू नका, ब्लीचमध्ये घालू नका, व्हिनेगरचा तर वासही नको. वाळवायचं सावलीत. आत मांस राहिलं असेल तर टोचून काढायच्या भानगडीत पडू नका. तिथेच तुमचं कवच फुटलं. अल्कोहोलमध्ये अंगासकटच ठेवा, ओळखीला तेच लागणार आहे.

कापसात गुंडाळू नका, धागे कडेला अडकतात आणि सोडवताना कड तुटते. मऊ टिश्यू पेपर आणि प्लास्टिकची झाकणाची डबी. लाकडी पेटी दिसायला छान असते, पण बंद खणात लाकूड आम्लाची वाफ सोडतं आणि चार-पाच पावसाळ्यांत शंखांवर पांढरी भुकटी धरते. कोकणातल्या दमट हवेत तर नक्कीच. डबीत चिठ्ठी टाका: गाव, तारीख, वाळू की चिखल की कातळ, सोबत शेवाळ होतं का. कवच फुटलं तरी त्या चिठ्ठीची किंमत राहते. चिठ्ठी नसेल तर अख्ख्या कवचाचीही फार नाही.

कायद्याचं विचारलंत म्हणून: २००१ साली काही शंख-शिंपले १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आले, आणि ते जवळ बाळगणं गुन्हा आहे. ही गोगलगाय त्यांत नाही. तरी जिवंत उचलायचं कारण मला दिसत नाही, फोटो पुरतो. वरून एक, बाजूने एक, डोक्याच्या ढालीचा जवळून एक, शेजारी दहाचं नाणं. पाण्यात बुडालेली असतानाच काढा; पाण्याबाहेर ती शेंबडाचा गोळा होते आणि कुठलीच खूण दिसत नाही.

वेळ साधायची असेल तर आजोबांचा हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे सव्वापाचच्या आसपास सुकती. घड्याळ घेऊन बसलात तर थोडंफार मागेपुढे होईल. पाणी पूर्ण ओसरायच्या अर्धा तास आधी पोचा आणि कातळामधल्या हिरवट सायीच्या चिखलावर वाकून बघा. गोगलगायीच्या आधी तिचा माग दिसेल, बोटाने ओढल्यासारखी वेडीवाकडी रेघ. रेघ जिथे संपते तिथे चिखलाला किंचित उंचवटा असतो.

आणि तोपर्यंत, चुरडलेल्या कवचातला टोकाकडचा तुकडा शाबूत असेल तर त्याचा फोटो इथे टाका, उजेडासमोर धरून. त्या तीन चकत्या सापडल्या तर त्यांचाही.